मुंबई ते लंडन : अंतर किती, वेळ किती?

मुंबई आणि लंडन ही शहरे एकमेकांपासून किती दूर आहेत, या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज आंतरराष्ट्रीय विमानतळापासून लंडनच्या हीथ्रो विमानतळापर्यंतचे सरळ हवाई अंतर सुमारे ७,२०० किलोमीटर आहे. मैलांत ते ४,४८० च्या आणि वैमानिक वापरतात त्या सागरी मैलांत ३,८९० च्या आसपास भरते. थेट विमानाने मुंबईहून लंडनला जाण्यास साधारणपणे साडेनऊ ते सव्वादहा तास लागतात, तर लंडनहून मुंबईस येण्यास पावणेनऊ ते साडेनऊ तास. ज्यांना एवढेच हवे असेल, त्यांचे काम येथे झाले.

परंतु हेच आकडे हातात घेऊन जो खरोखर प्रवासाला निघतो, त्याच्या मनात लगेच शंका उभ्या राहतात. अंतर एकच असताना जाण्यायेण्याच्या वेळात पाऊण-एक तासाचा फरक का? गेल्या वर्षीपेक्षा यंदा विमानाला अधिक वेळ का लागला? आणि तिकिटावर दुपारी दीडला सुटून संध्याकाळी पावणेसहाला पोहोचणारे विमान सव्वाचार तासांतच लंडन गाठते की काय? यातील शेवटचा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. मुलाकडे प्रथमच निघालेल्या अनेक ज्येष्ठांनी तो मनातल्या मनात विचारलेला असतो.

सरळ रेघ कोठून जाते?

शाळेत भिंतीवर टांगलेल्या जगाच्या नकाशावर मुंबई आणि लंडन यांना जोडणारी पट्टी ठेवली, तर रेघ इराणच्या दक्षिण किनाऱ्यावरून बगदादजवळ आणि तेथून तुर्कस्तानवर जाते. मात्र हा सपाट नकाशा या बाबतीत फसवा असतो. पृथ्वीचा गोल घेऊन त्यावर दोरा ताणून धरावा. दोरा उत्तरेकडे सरकलेला दिसेल. गोलावरील दोन बिंदूंमधील सर्वांत जवळचा मार्ग ज्या वर्तुळावरून जातो, त्याला भूगोलात बृहद्वृत्त म्हणतात. विमानांचे अंतर मोजतात ते याच वर्तुळावर. सपाट नकाशावरील रेघेने गेल्यास मुंबई-लंडन प्रवास सुमारे दोनशे किलोमीटरने लांबतो.

हा दोरा मुंबईहून वायव्येस निघतो तो सौराष्ट्र आणि कच्छ ओलांडून थेट कराचीच्या माथ्यावर येतो. तेथून बलुचिस्तान, अफगाणिस्तानच्या सीमेलगतचा प्रदेश, इराणचा ईशान्य-उत्तर भाग, कॅस्पियन समुद्राचा नैर्ऋत्य कोपरा, अझरबैजान, जॉर्जिया, काळा समुद्र, क्रिमियालगतचा दक्षिण युक्रेन, मध्य युरोप आणि जर्मनी. एवढे ओलांडले की इंग्लंडचा किनारा येतो. यादी लांबलचक आहे, पण ती वाचताना एक गोष्ट ध्यानात येते. या रेघेखालच्या भूमीपैकी बऱ्याच भागावरून गेल्या काही वर्षांत कधी ना कधी प्रवासी विमानांना जाता आलेले नाही. अंतर भूगोल ठरवतो, पण वेळेच्या बाबतीत खालच्या देशांचाही शब्द चालतो.

येथेच आणखी एक विस्मयकारक बाब सांगायला हवी. दिल्ली ही मुंबईपेक्षा लंडनला जवळ आहे. मुंबई पश्चिम किनाऱ्यावर, समुद्राकाठी. त्यामुळे विलायत आपल्यालाच जवळ, असा आपला समज असतो. बोटींच्या काळात तो खरा होता. विमानाने मात्र दिल्ली ते लंडन हे अंतर सुमारे ६,७०० किलोमीटर, म्हणजे मुंबईपेक्षा पाचशे किलोमीटरने कमी भरते. मुंबई पश्चिमेला असली तरी दिल्ली बरीच उत्तरेला आहे, आणि बृहद्वृत्ताला उत्तरेचेच आकर्षण.

चौदा दिवसांपासून दहा तासांपर्यंत

सन १९३१ मध्ये महात्मा गांधी दुसऱ्या गोलमेज परिषदेसाठी निघाले, तेव्हा २९ ऑगस्ट रोजी त्यांनी मुंबईत 'राजपुताना' या बोटीवर पाऊल ठेवले. सुएझ कालव्यातून मार्सेय, तेथून आगगाडीने फ्रान्स ओलांडून, पुन्हा खाडी पार करून १२ सप्टेंबरला ते लंडनला पोहोचले. चौदा दिवस, आणि हा जलद मार्ग होता. मार्सेयला न उतरता बोटीनेच इंग्लंड गाठणाऱ्याला याहून अधिक दिवस लागत.

विमान तोवर अवतरले होते, पण ते मुंबईपर्यंत येत नव्हते. इम्पीरियल एअरवेजने ३० मार्च १९२९ रोजी लंडन-कराची हवाई टपालसेवा सुरू केली. या 'हवाई' प्रवासात स्वित्झर्लंडमधील बाझेलपासून इटलीतील जिनोआपर्यंतचा टप्पा आगगाडीचा होता, आणि सारा प्रवास सात दिवसांचा. कराचीला येऊन पडलेले टपाल पुढे मुंबईला आणायचे कोणी? ते काम १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी केले. पस मॉथ जातीचे चिमुकले विमान स्वतः चालवत ते कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूच्या मैदानात उतरले. अहमदाबादला या विमानासाठी पेट्रोलचे डबे बैलगाडीतून आले होते, ही आठवण प्रसिद्ध आहे. पुढे नेव्हिल व्हिन्सेंट हे टपाल बेल्लारीमार्गे मद्रासला घेऊन गेले. जुहूचे मैदान पावसाळ्यात चिखलात बुडत असल्याने ही सेवा पावसाळ्यापुरती पुण्यास हलवावी लागे. लंडन-मुंबई हवाई मार्गाचा आपल्याकडचा हा पहिला तुकडा. तो कराची-मुंबई होता, म्हणजे बृहद्वृत्ताच्या त्याच रेघेवर होता. लंडनच्या महाराष्ट्र मंडळाची स्थापनाही १९३२ चीच. त्या वर्षी घरचे पत्र मंडळाच्या सभासदाला किती दिवसांनी मिळत असेल, याचा हिशेब वरील मजकुरावरून करता येईल.

स्वातंत्र्यानंतर ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे 'मलबार प्रिन्सेस' हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान मुंबईहून कैरो आणि जिनिव्हा येथे थांबत लंडनला गेले. आठवड्यातून एकदा अशी ही सेवा होती. चार पंख्यांच्या या विमानांनी दोन आठवड्यांचा प्रवास साधारण एका अहोरात्रात आणून ठेवला. १९६० मध्ये बोइंग ७०७ ही जेट विमाने आली आणि हा वेळ आणखी घटला. परंतु वाटेत थांबे होतेच. इंधन भरावे लागे, आणि दिल्ली, बेरूत, जिनिव्हा येथील प्रवासीही घ्यावयाचे असत.

या थांब्यांची किंमत केवळ वेळात मोजली गेली नाही. जिनिव्हाला उतरायचे म्हणजे आल्प्स पर्वताशी गाठ. ३ नोव्हेंबर १९५० रोजी तेच 'मलबार प्रिन्सेस' माँ ब्लाँ शिखराच्या परिसरात कोसळले आणि त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. १५ वर्षांनी, २४ जानेवारी १९६६ रोजी, 'कांचनगंगा' हे बोइंग ७०७ मुंबईहून लंडनला जात असताना जिनिव्हासाठी खाली उतरू लागले. विमान शिखराच्या पलीकडे गेले आहे, अशी वैमानिकाची समजूत झाली होती. प्रत्यक्षात ते अलीकडेच होते. ११७ जण गेले, त्यांत डॉ. होमी भाभा होते. आज थेट विमानातून जाताना कोणी खिडकीतून आल्प्सची शिखरे पाहतो, तेव्हा ती बरीच खाली असतात. मुंबईच्या प्रवाशाला जिनिव्हात उतरण्याचे आता कारण राहिलेले नाही.

१९७१ मध्ये 'जम्बो' म्हणजे बोइंग ७४७ एअर इंडियाच्या ताफ्यात दाखल झाले. त्यानंतरच्या लांब पल्ल्याच्या विमानांनी वाटेतील थांबा अनावश्यक केला. येथे वेगाचा मुद्दा स्पष्ट केला पाहिजे, कारण त्याविषयी गैरसमज फार आहे. १९६० चे बोइंग ७०७ आणि आजचे बोइंग ७८७ यांच्या आकाशातील वेगात नाव घेण्यासारखा फरक नाही. दोन्ही ताशी नऊशे किलोमीटरच्या आगेमागेच उडतात. ध्वनीच्या वेगाजवळ गेले की हवेचा विरोध झपाट्याने वाढतो आणि इंधनाचा खर्च परवडत नाही. साठ वर्षांत वाचला तो वेळ जमिनीवरचा, थांब्यांचा.

वाऱ्याचा हिशेब

७,२०० किलोमीटरला ताशी नऊशेने भागले तर आठ तास येतात. मग साडेनऊ-दहा कसे? पहिले कारण असे, की तिकिटावरील वेळ ही विमान मुंबईत जागचे हलल्यापासून हीथ्रोत जागेवर उभे राहीपर्यंतची असते. धावपट्टीपर्यंत सरपटत जाणे, आपली पाळी येईपर्यंत रांगेत थांबणे, चढणे आणि उतरणे हे सारे त्यात धरलेले असते. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे दोन्ही एकाच वेळी स्वतंत्रपणे वापरता येत नाहीत. हीथ्रोच्या धावपट्ट्या समांतर आहेत, पण गर्दी इतकी, की विमाने लंडनभोवतीच्या आकाशात बोव्हिंग्डन, लॅम्बोर्न, ऑकम आणि बिगिन हिल या चार ठिकाणी एकावर एक थर करून घिरट्या घालतात आणि बोलावणे आले की एकेक खाली उतरते. खिडकीतून तीच टेम्स नदी तिसऱ्यांदा दिसली, तर वैमानिक वाट चुकलेला नाही, हे जाणावे.

दुसरे कारण वारा. सुमारे दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वेगाने वाहणारे वाऱ्याचे पट्टे असतात. त्यांना जेट प्रवाह म्हणतात. हिवाळ्यात ते अधिक जोरदार होतात आणि त्यांची एक शाखा पश्चिम आशिया आणि उत्तर भारतावरून जाते. आपल्याकडे उत्तरेत हिवाळी पाऊस आणणारे पश्चिमी झंझावात याच प्रवाहाच्या आधाराने येतात. समजा, सबंध वाटेवर सरासरी ताशी ५० किलोमीटरचा वारा समोरून आला. विमानाचा जमिनीसापेक्ष वेग ८५० होईल आणि आठ तासांचे जवळजवळ साडेआठ होतील. परतताना तोच वारा पाठीशी असेल तर वेग ९५० होईल आणि वेळ साडेसात तासांच्या थोडा वर. जाण्यायेण्यातील पाऊण-एक तासाचा फरक तो हाच. प्रत्यक्षात वारा रोज सारखा नसतो. म्हणून मार्ग रोज नव्याने आखला जातो, आणि लांबचा पण कमी वाऱ्याचा मार्ग कधी कधी जवळच्या मार्गापेक्षा लवकर पोहोचवतो.

बंद दारे

तिसरे कारण हवाई हद्दींचे. प्रत्येक देशाला आपल्या भूमीवरील आकाशाचा अधिकार आहे आणि तो दार लावून घेऊ शकतो. बालाकोटच्या कारवाईनंतर २७ फेब्रुवारी २०१९ रोजी पाकिस्तानने आपली हवाई हद्द बंद केली; ती पूर्ववत खुली झाली १६ जुलै २०१९ रोजी. २ जुलैपर्यंत एकट्या एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा फटका बसल्याचे सरकारने संसदेत सांगितले. पुढे २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर आक्रमण केले आणि युक्रेनचे आकाश नागरी विमानांसाठी बंद झाले. पहलगामच्या हल्ल्यानंतर, २४ एप्रिल २०२५ रोजी, पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांना पुन्हा मज्जाव केला आणि तो महिन्यामागून महिना वाढवत नेला. भारतानेही पाकिस्तानी विमानांना तसाच मज्जाव केला. त्याच वर्षी १३ जून रोजी इस्राएल-इराण संघर्ष भडकताच इराणचे आकाशही काही दिवस बंद राहिले.

आपला दोरा आठवावा. कराची, इराण, युक्रेन. रेघेवरचे तीन मोठे तुकडे.

तरीही मुंबईची स्थिती दिल्लीइतकी बिकट होत नाही, हे नमूद करायला हवे. दिल्लीहून पश्चिमेस निघालेल्या विमानापुढे पाकिस्तान भिंतीसारखा उभा असतो. त्याला आधी दक्षिणेस गुजरातकडे येऊन समुद्र गाठावा लागतो. मुंबईच्या विमानापुढे अरबी समुद्र मोकळाच आहे. ओमान वा संयुक्त अरब अमिरातीवरून पुढे इराण किंवा सौदी अरेबिया-इराकमार्गे तुर्कस्तान आणि तेथून युरोप, असा वळसा घेता येतो. हा वळसा किती मोठा? मुंबई ते दुबई सुमारे १,९३० किलोमीटर आणि दुबई ते लंडन सुमारे ५,५०० किलोमीटर. बेरीज ७,४३० च्या घरात. म्हणजे सरळ रेघेपेक्षा दोन-सव्वादोनशे किलोमीटरच अधिक, विमानाची पंधरा मिनिटे. अर्थात, इराणचे आकाशही बंद झाले की हे गणित बिघडते आणि वेळ वाढत जातो.

याच कारणाने आखाती शहरांत विमान बदलून जाणाऱ्याचे हवेतील अंतर फारसे वाढत नाही. वाढतो तो मधल्या विमानतळावरील मुक्काम. दोन तासांचा असेल तर एकूण प्रवास साडेबारा-तेरा तासांत आटोपतो. रात्रभराचा असेल तर स्वस्त तिकिटाचा आनंद पहाटेपर्यंत ओसरतो.

घड्याळ आणि तिकीट

आता त्या सव्वाचार तासांकडे वळू. तिकिटावर सुटण्याची वेळ मुंबईची आणि पोहोचण्याची वेळ लंडनची असते. हिवाळ्यात लंडन आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. दुपारी दीडला निघून पावणेदहा तास उडालेले विमान आपल्या रात्री सव्वाअकराला पोहोचते; त्यातून साडेपाच वजा केले की लंडनचे पावणेसहा. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळे एक तास पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेतात. मधल्या काळात फरक साडेचार तासांचा असतो, आणि तेच विमान पावणेसातला पोहोचलेले दिसते. भारतात घड्याळ वर्षभर तेच राहते. त्यामुळे या दोन रविवारांच्या सुमारास प्रवास असणाऱ्याने, आणि त्याला घ्यायला येणाऱ्याने, वेळ पुन्हा एकदा पाहून घ्यावी.

उलट दिशेने रात्री साडेआठला लंडनहून निघालेले विमान हिवाळ्यात नऊ तासांनी उतरते, तेव्हा मुंबईत सकाळचे अकरा वाजलेले असतात. विमानात रात्र सुरू होते न होते तोच पहाट. पूर्वेकडील प्रवासानंतर झोपेची घडी बसायला अधिक दिवस लागतात, असा बहुतेकांचा अनुभव असतो.

दारापासून दारापर्यंत

विमानाचा वेळ हा प्रवासाचा वेळ नव्हे, ही गोष्ट सुटीवर निघालेल्याला फारशी जाणवत नाही. जाणवते ती लंडनमध्ये अपरात्री घरून फोन आलेल्याला. वडील अत्यवस्थ आहेत, किती वेळात पोहोचशील, असा प्रश्न तिकडून येतो आणि तो 'नऊ तास' असे उत्तर देऊन बसतो.

प्रत्यक्ष हिशेब करून पाहू. फोन हिवाळ्यात लंडनच्या वेळेनुसार रात्री दहाला आला. हीथ्रोवरून रात्री साडेअकरा ते सकाळी सहा या काळात विमानांवर कडक निर्बंध असतात, त्यामुळे त्या रात्री निघणे बहुधा जमत नाही. सकाळी साडेनऊच्या सुमाराचे थेट विमान मिळाले, असे धरू. त्यासाठी साडेसहाला विमानतळावर हजर राहावे लागते. हीथ्रो मध्य लंडनपासून सुमारे २३ किलोमीटर. पॅडिंग्टनहून जलद गाडी पंधरा मिनिटांत नेते, भुयारी रेल्वेच्या पिकॅडिली मार्गाने तास लागतो. पारपत्र ब्रिटिश असेल, तर ओसीआय कार्ड किंवा भारताचा व्हिसा जवळ आहे ना, हे रात्रीच पाहिले पाहिजे. तो नसेल तर पुढचा सारा हिशेब व्यर्थ. असे कार्ड घरात कोठे ठेवले आहे, हे प्रत्येक घरातील दोघांना तरी ठाऊक असावे.

साडेनऊला सुटलेले विमान नऊ तासांनी मुंबईत उतरते, तेव्हा येथे मध्यरात्रीचे बारा. पारपत्र तपासणी आणि सामान यांत एक तास. घर मुंबईत असेल तर दोनपर्यंत दार गाठता येते. पुण्याचे असेल तर सुमारे दीडशे किलोमीटरचा रस्ता पुढे असतो. रात्री वाहतूक कमी, घाटात अडथळा नसेल तर तीन-साडेतीन तास. म्हणजे पहाटेचे साडेचार. लंडनमध्ये तेव्हा रात्रीचे अकरा, आणि फोन येऊन गेल्याला पंचवीस तास झालेले.

तिकीट शोधताना अशा वेळी हीथ्रोपुरतेच पाहू नये. आखातमार्गे जाणारे एखादे विमान रात्री दहा-साडेदहाला सुटते. घर विमानतळाजवळ आणि फोन थोडा आधीचा असेल, तर विमान बदलूनही ते सकाळच्या थेट विमानाआधी मुंबईला पोहोचवू शकते. हातातली पिशवी तेवढी न्यावी. सामान नसल्यास मुंबईत पट्ट्याजवळचा वेळ वाचतो, आणि बाहेर पडताच गाडी तयार असेल असे कोणाला तरी सांगून ठेवता येते.